पांढऱ्यावर पांढरी अक्षरं

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलायचं तर आधी बरंच समजावून सांगावं लागेल. लोक आता दुकान रस्त्यावर शोधत नाहीत, मोबाइलमध्ये शोधतात. "कूलरची मोटर, सुपेला" असं टाकलं की दुकानांची नावं एकाखाली एक येतात, आणि ज्याचं नाव वर, गिऱ्हाईक त्याचं. नाव वर यावं म्हणून आपल्या पानावर काय लिहायचं, याचीही एक विद्या आहे. तुमच्या नातवाला ती येते. मी आठवीपर्यंत शिकलेला, मला ती अर्धीच समजली, आणि त्या अर्धीनेच माझी झोप गेली आहे.

तुमचं काम मला समजायचं. फर्स्ट शिफ्ट करून तुम्ही पोलादाच्या प्लांटमधून येता, वरण-भात जेवता आणि सायकलच्या हँडलला रंगाचे डबे अडकवून सुपेल्याच्या बाजारात दुकानांचे बोर्ड रंगवायला निघता. मागे कॅरिअरवर ब्रश धरून मी. आधी तुम्ही रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहायचात. अक्षर केवढं हवं ते तिथून ठरायचं. मग त्याला लाल सावली, खाली बाण. एकदा बोर्डाचा कोपरा रिकामा दिसला म्हणून मी तिथे "सब प्रकार की मशीन" असं लिहून टाकलं. तुम्ही रॉकेलच्या फडक्याने ते पुसलं. "नाव कितीबी मोठं कर," तुम्ही म्हणालात, "त्याले न येणारं काम कावून वाढवून राहिला?" एवढंच.

सुरुवातीला आमच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानाच्या पानावर पोराने तुमच्यासारखंच केलं. मोटर वाइंडिंग, कूलर, पाण्याचा पंप, दुकान कधी उघडतं, रुआबांध्याकडून आलं तर कुठे वळायचं. लोक येऊ लागले, मला बरं वाटलं. मग पलीकडच्या दुकानाने मिक्सर लिहिलं, म्हणून याने मिक्सर आणि वॉशिंग मशीन लिहिलं. त्याने शेजारचं दुर्ग शहर लिहिलं, याने पार राजनांदगावही. कधी न आलेल्या गिऱ्हाइकांनी आमची तारीफ लिहिलेली दिसू लागली. शेजारचा वेल्डिंगवाला मला म्हणे, "काकाजी, विमान कधीपासून घेऊन राहिले दुरुस्तीले?" मी हसायचो. थोडं थोडं वाढत गेलं की नजरेत येत नाही.

या उन्हाळ्यात दुर्गहून एक बाई ऑटोने आली. मांडीवर मशीन, साडीच्या पदराने झाकलेली. तिच्या नवऱ्याला श्वास पुरत नाही, त्याला ऑक्सिजन देणारी ती मशीन बंद पडली होती. तो घरी, कुणाकडून मागून आणलेल्या सिलिंडरवर. मी म्हणालो, आमच्याकडे हे होत नाही. "बाबूजी, मशीन का नाम डाला तो सबसे ऊपर आपकी ही दुकान आई," ती म्हणाली. तसली मशीन दुरुस्त करणारा माणूस दुर्गलाच होता, वेल्डिंगवाल्याला माहीत होता. तिला परत तिकडेच पाठवलं. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मी तिचा नंबरही घेतला नाही.

संध्याकाळी पोराला विचारलं. त्याने पान उघडलं, अगदी खाली नेलं, रिकाम्या पांढऱ्या जागेवर बोट दाबून सरकवलं. जागा निळी झाली आणि त्यातून अक्षरं निघाली. जगातल्या सगळ्या मशिनींची नावं, पांढऱ्यावर पांढरी. कुठून तरी उचलून टाकलेली, त्याने स्वतःही वाचली नव्हती.

"हे माणसाले दिसत नाही बाबा, कम्प्युटरच वाचते. सब करते हैं. काढलं त आपण खाली जाऊ."

"काढ."

त्याने काढलं. खोटी तारीफही काढली. आणि खरंच आम्ही खाली गेलो. ऐन कूलरच्या दिवसांत फोन गप्प. पोरगा पाठ करून तार गुंडाळत बसतो. सुनेने परवा सांगितलं, दुकान सोडून प्लांटमध्ये ठेकेदाराकडे लागायचं म्हणतो. तिथलं काम तुम्ही जाणता, त्या कामाचं वय आता पोराचं नाही. तेव्हापासून दिवसातून किती वेळा फोन उचलून बघतो, बंद तर नाही ना.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. काल मीच पोराला म्हणालो, "इन्व्हर्टर लिही."

"आपल्याले कुठं येते इन्व्हर्टर?"

"लिही त."

आज सकाळी इन्व्हर्टरसाठी एकाचा फोन आला. मीच उचलला. म्हणालो, घेऊन या.