बगळ्याची पेटी

नेहेलेम नदीकाठचा तळ,
मंगळवार, १० ऑक्टोबर २००६

प्रिय डेल्फाताई,

सा. न. वि. वि.

तीन आठवडे पत्र टाळलं, हे आधीच कबूल करतो. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. इथे मी रानातल्या पिवळ्या अळंब्या गोळा करतो. पाऊस थांबतच नाही. दुकानदाराची तीन पायांची कुत्री माझ्याच तंबूत झोपते आणि माझ्यापेक्षा जास्त जागा घेते. पण ते राहू दे. कुत्रीचं सांगत बसलो की खरं सांगायचं राहून जातं, हे तुला माहीत आहे.

मी बाबांच्या पेटीकडे जाऊन आलो.

तू रागावशील. २१ तारखेला चर्चमध्ये प्रार्थना करून बाबांना निरोप द्यायचा, जंगलात हरवलेल्या माणसाची तीन वर्षं वाट पाहिली ती पुरे, असं तू लिहिलंस आणि माझं मत विचारलंस. मत द्यायच्या आधी जागा बघून यावी असं वाटलं. जागेचे आकडे अजून पाठ आहेत. इतके अंश उत्तर, इतके पश्चिम, बाबा पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचे. जीपीएस हातात असूनही त्याच्याकडे पाहिलं नाही.

पेटी आहे तिथेच आहे, देवदाराच्या पोकळ बुंध्यात. आकड्यांवरून लपवलेली पेटी शोधायच्या या खेळात हल्ली लोक गोळीएवढ्या डब्या चुंबकाने कुठेतरी चिकटवतात. बाबा त्यांना औषधाचं दुकान म्हणायचे. लपवायचं तर असं लपवावं की सापडल्यावर खांद्यापर्यंत हात आत गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. लष्कराच्या मोडीतली तोफगोळ्यांची पेटी आणली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तू आत झोपलीस, त्यांनी गमतीने झाकण लावलं आणि तू रडायच्या ऐवजी आतून गाणं म्हणालीस, हे ते येईल त्याला सांगायचे.

आत नोंदवही होती, कोरडी. शोधपथकाच्या सहीनंतर तीन नोंदी आहेत. ऑक्टोबर २००४, ऑक्टोबर २००५ आणि आता सप्टेंबरची. तिन्हींच्या खाली सहीऐवजी बगळा. ताई, बाबा सही म्हणून काढायचे तोच बगळा! फक्त एका पायाऐवजी दोन्ही पायांवर उभा. एका पायावर उभं राहून दमले असतील. पहिल्या दोन्हींत लिहिलंय, काही घेतलं नाही, काही ठेवलं नाही. तिसरीत लिहिलंय, पेला ठेवला.

आणि पेला होता! त्यांच्या थर्मासचा, कानाशी चेमटलेला. त्याला कॉफीचा वास येत होता.

तो मी घेतला. घेतलं त्याच्या तोडीचं ठेवायचं, हा खेळाचा नियम. खिशात सुरी, बिस्किटं आणि घराची किल्ली, तीच हिरव्या दोऱ्याची. घरातलं घेतलं, घरातलंच ठेवलं. बरोबर ना? आत येता यावं त्यांना.

म्हणून सांगतो, निरोप देऊ नकोस. २१ तारखेच्या आत मी येतोच.

रागावलीस तरी लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
ऑरिन

मोलाला, गुरुवार, १९ ऑक्टोबर

चि. ऑरिन,

अ. आ.

टपालात टाकलं तर हे पत्र तुझ्यामागे जंगलभर फिरेल, म्हणून टेबलावर ठेवते. किल्ली नसल्यामुळे तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिरशील. खिडकीखालच्या कुंड्या मी हलवल्यात.

वेडा आहेस तू. शोधपथकाबरोबर ती पेटी मीच उघडली होती, खांद्यापर्यंत हात घालून. पेला नव्हता. नंतर मीच ती पेटी खेळाच्या यादीतून काढून टाकली. तिचे आकडे आता कुणाला मिळत नाहीत. मग लिहितंय कोण?

आणि बगळा. त्यांना ते नाव आईने दिलं होतं, कारण दारात कशालाही न धरता एका पायावर उभं राहून ते बूट काढायचे. दोन पायांचा बगळा त्यांनी जन्मात काढला नाही. ज्याने काढला त्याने बाबांचा बगळा पाहिलाय, बाबांना पाहिलेलं नाही.

त्याला तू आपल्या घराची किल्ली दिलीस. बाबा येतील म्हणून तीन वर्षं मी कुलूप बदललं नाही, ते कुलूप.

तरीही ऑरिन, खोटं कशाला बोलू, वाचल्यापासून मला झोप नाही. ते असतील तर? पाद्रींना सांगितलंय की शनिवारी सकाळपर्यंत थांबा. मी पेटीकडे निघालेय. वही पाहते, किल्ली घेऊन येते. बदल्यात काय ठेवायचं ते तिथे सुचेल. शुक्रवारी संध्याकाळी परत येईन. शेजाऱ्यांनी दुखवट्याची म्हणून आत्ताच मॅकरोनीची तीन भांडी आणून ठेवलीत, त्यातलं एक संपवलंस तरी चालेल.

लोभाचं काय लिहायचं, तो आहेच.

तुझी,
डेल्फा

घर, शनिवार, २१ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय ताई,

सा. न.

काल दुपारी खिडकीतून आलो. कुंडी एक तरी फोडलीच. मॅकरोनीला हात लावला नाही.

तू शुक्रवारी आली नाहीस. जंगलाच्या रस्त्याच्या तोंडाशी जे किराणा दुकान आहे, तिथे सकाळी फोन केला. तुझी गाडी जंगलाच्या फाटकाशी उभी आहे म्हणे, गुरुवारपासून. बाबांचा ट्रक जिथे मिळाला तिथेच. मी निघतोय. वाटेत चुकामूक झाली तर हे पत्र वाच आणि घरातून हलू नकोस.

एक सांगायचं राहिलं होतं. पेला घेतला तेव्हा मला वाटलं होतं की अदलाबदल पूर्ण झाली. पण आता वाटतं, त्या वहीत घेतलं म्हणून अजून काहीच लिहिलेलं नाही. तिसऱ्या वर्षी त्याने आधी ठेवलं. घ्यायचं बाकी आहे. म्हणून विचारतो, ताई, किल्ली उचलायला वाकलीस तेव्हा पेटी किती खोल वाटली? तू आत काय ठेवलंस?

थांब. पायरीवर पावलं वाजतायत. कुलपात किल्ली फिरली. देवा, आलीस एकदाची, हे पत्र फाडून

तू नाहीस. दारात बाबा आहेत. अंगात पिवळा रेनकोट, बाहेर धो धो पाऊस आणि रेनकोट कोरडा. हातात हिरवा दोरा. माझ्याकडे बघून हसतायत, टेबलावरच्या पेल्याकडे बोट दाखवतायत. मी लिहितोय, कारण हात थांबवायची हिंमत नाही.

बूट काढा म्हणालो. ते दोन्ही पाय टेकून उभे आहेत.