पायाच्या अंगठ्यात धरलेलं वाढं

रवि., ११ जाने. कर्जत

आज जरा जास्तच बोलले. लिहून ठेवलं की धडधड कमी होते, म्हणून.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत सिनेमा दाखवला. उसाच्या फडावर पोरांची शाळा काढणाऱ्या कौसाबाईंचा. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हे बरोबर, हे चूक असं सांगायला कोणी नाही. मग आमचा नेहमीचा वाद.

देवकर सर शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि हा सिनेमा बघणाऱ्यांचा गट सुरू केला, तरी चरित्रपटांवर त्यांचा रागच. "पदर, मोठं कुंकू, रापलेला रंग. झाली कौसाबाई तयार."

मार्थाबाई डोळे पुसत होत्या. जन्मभर नर्स होत्या, सहज रडणाऱ्यातल्या नाहीत. "रंगाचं सोडा सर. पोर तापानं फणफणलंय आणि ती कोयता खाली ठेवत नाही, तेव्हाची तिची मान बघितली? अशा आया मी बघितल्यात."

बाळूशेठ, कापड दुकानवाले: "मागल्या महिन्यातल्या पैलवानापेक्षा लई बरा. त्यात हिरोनं निस्तं अंग कमावलं, मानूस कमवायचा ऱ्हायला."

मग सर माझ्याकडे वळले. "मनीषा, तू सांग. फडावर राहिलेली इथं तू एकटी."

आणि मी सांगितलं. उसाची मोळी बांधायला उसाच्याच हिरव्या शेंड्याचा, वाढ्याचा, दोर करतात. सिनेमात नटी वाढ्याचं एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्यात धरते आणि डाव्या हाताने पीळ देते. म्हटलं, असं कोणी बांधत नाही. दोन्ही हातांनी पीळ देतात, गुडघा देऊन आवळतात. दहा वर्षांची होईपर्यंत मी फडावरच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, राहिलेय, मी बघितलंय. चेहरा खरा आहे, हात खोटे आहेत.

सर म्हणाले, "हे पत्रात घे. असंच्या असं."

म्हणजे कच्चं पत्र मी लिहायचं, पुढच्या रविवारी वाचायचं, सगळ्यांनी सह्या करायच्या आणि सिनेमा करणाऱ्यांना पोस्टाने पाठवायचं. प्रत्येक सिनेमानंतर तसंच असतं. पण या वेळी सगळं पत्र माझ्या एका वाक्यावर उभं.

सोम., १२

पत्र झालं. "चेहरा खरा, हात खोटे." वाक्य मलाच फार आवडलं आणि तिथूनच शंका सुरू. आपलं वाक्य इतकं आवडलं की काहीतरी चुकलेलं असतं.

कोपी आठवून बघितली. पाचटाचं छप्पर. पाटी. आप्पा पहाटे फडावर जाण्याआधी पाटीवर वरची ओळ लिहून ठेवायचे, खाली मी गिरवायची. परत आले की हात न धुता आधी पाटी तपासायचे. आई म्हणायची, "आधी हातपाय धुवा, ती अक्षरं कुठं पळून चाल्लीत?" आप्पा सातवी पास. त्यांच्या त्या सातवीवर मी एकदम पाचवीत बसले. माझी अक्षरं डावीकडे कलतात, त्यावरून वर्गात बोलणी खाल्ली. आप्पा डाव्या हाताने लिहायचे, मी बघून तशी गिरवायचे.

भरलेल्या ट्रका आठवतात. मोळी बांधणारे हात आठवत नाहीत. खूप प्रयत्न केला.

गुडघा देतात, हे मी बघितलं की कोणाकडून ऐकलं?

बुध., १४. संक्रांत

सुट्टी काढून गावी. आईचा तिळगूळ या वर्षी दगड. आप्पा म्हणाले, "गोड बोलायला तोंड तर उघडलं पायजे." आई हसली नाही.

दुपारी गोठ्याकडे गेले. गाईसाठी वाढं आणलं होतं, आप्पा त्याच्या पेंढ्या बांधत होते. डाव्या पायातली चप्पल काढलेली. वाढ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात. डाव्या हाताने पीळ.

किती वेळ उभी होते माहीत नाही. गाय बघत होती माझ्याकडे.

"आप्पा, असं का बांधता?"

"मग कसं बांधू? ह्यो आंगठा धरतोय व्हय?"

उजवा हात वर केला. तो अंगठा वाकत नाही हे मला माहीत आहे. घराला दार आहे हे माहीत असतं, तसं. मी बाराखडी संपवली त्या साली कोयत्याचा घाव बसला होता. त्या हाताने मोळी कशी बांधत असतील, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. डाव्या हाताने लिहितात ते कशामुळे, हेसुद्धा नाही.

सिनेमाचं सांगितलं. ते शांतपणे पुढची पेंढी बांधत राहिले.

"ती बाई व्हय. गेल्या साली राशीनकडं शूटिंग हुतं. मुकादम म्हन्ला, कोनतरी शिकवायला पायजे, म्हनून गेल्तो. चार दिस माज्याजवळ मातीत बसली. मी म्हन्लं, बाई, लोकं बांधत्यात तसं शिका, माजं येगळं हाय. तर म्हन्ली, काका, मला तुमच्यावानीच शिकवा."

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? ठेवत्यात का कापून टाकत्यात, कुनाला ठाव."

तिळगूळ हातातच राहिला. मी काय बोलले होते ते त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

शुक्र., १६

वाचनालयात, कामावर. पत्र माझ्या टेबलाच्या खणात.

कौसाबाईंचं चरित्र काढून त्यातले फोटो बघितले. एका फोटोत मोळी बांधताहेत. दोन्ही हात, गुडघा. दोन्ही अंगठे शाबूत.

म्हणजे कौसाबाईंपुरतं माझं वाक्य बरोबर निघतं. पत्र आहे तसं गेलं तरी कोणी चूक काढू शकणार नाही. आप्पांचं कोणाला माहीत नाही, बोलायची गरजच नाही.

सकाळपासून स्वतःला हेच पटवते आहे, पण पटत नाही. "मी बघितलंय" हे खोटं होतं. उरलेलं बरोबर निघालं ते नशिबाने.

आणि त्या नटीने बघितलं. परक्या बाईने चार दिवसांत. मी दहा वर्षांत नाही. राग यायला हवा होता बहुतेक. तसं काही वाटत नाही. तिचे आभार मानावेसे वाटतात.

रवि., १८

सांगितलं. पत्र वाचायला उभी राहिले आणि पत्र न वाचता हे सांगितलं. म्हटलं, मी बघितलेलं नव्हतं, ते हात माझ्या वडिलांचे आहेत.

सर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "पण चूक ती चूकच. चरित्र कौसाबाईंचं आहे, तुझ्या वडिलांचं नाही."

मार्थाबाई: "अहो, फोटो बघून नक्कल केली असती तर तुम्हीच नावं ठेवली असती. ती एका जित्या माणसाकडून शिकली. त्याचं काहीच नाही?"

"त्याचं कौतुक करू. पण खरं नाही म्हणू."

"खरं कोणाचं?"

बाळूशेठ: "सर, एका शोमधी दोन मानसं दिसली. तुमचं काय गेलं?"

सरसुद्धा हसले. तासभर चाललं, पत्रावर एकमत नाहीच. शेवटी सर मला म्हणाले, "वडिलांना आण पुढच्या रविवारी. परत लावू. त्यांनी बघितल्याशिवाय पत्र जायचं नाही."

मला वाटलं होतं, आता माझा शब्द कोणी धरणार नाही. निघताना मार्थाबाईंनी डबा दिला, गाजराची वडी. ही माणसं मला मिळाली.

रवि., २५

आप्पा लग्नाकार्याची टोपी घालून आले. आईपण. आई पहिल्या रांगेत बसली आणि पोर आजारी पडतं तिथे पडद्याकडे बघून म्हणाली, "आगं, कपाळाला वलं फडकं तरी ठेव." कोणी हसलं नाही.

मोळीचा प्रसंग आला. मी पडदा बघितला नाही, आप्पांना बघत होते. अंधारात त्यांचा डावा पाय चपलेतून बाहेर आला.

दिवे लागल्यावर बाळूशेठनी विचारलं, "काका, कशी केली बाईनं?"

आप्पांनी टोपी सारखी केली. "चांगली केली. पर पीळ कच्चा हाय. ती मोळी टरकापत्तुर टिकायची न्हाई."

सर खुश. "बघा. म्हणजे खोटीच की."

"खोटी कशी, सर? माजी बी पैल्या साली सुटायची. तिनं तर चारच दिस केलं."

यावर सरांनी मान डोलावली. आमच्या गटात हे दुर्मीळ.

एस.टी. स्टँडवर आई फलाट बघायला पुढे गेली, तेव्हा आप्पांना सांगून टाकलं. मी त्यांचे हात खोटे म्हणाले, सगळ्यांसमोर, मी बघितलंय असं म्हणून.

ते म्हणाले, "तू कुठनं बघशील? कोपीचं तोंड मीच फडाकडनं फिरवून बांधायचो. दर साली. बाकीच्यांची तोंडं फडाकडं, आपलीच पाठमोरी. टोळीतली हसायची. म्हन्लं, पोरीला पाटीबिगर काय दिसायला नगं."

गाडी लागली. खिडकीतून म्हणाले, "पत्र झालं की घिऊन ये. सर म्हनत्यात, माजी बी सही पायजे. पर आदी वाचीन. न वाचता सही करायची न्हाई, काय शिकवलंय तुला?"

सोम., २६

वाचनालयाचं झेंडावंदन झालं आणि अकराच्या गाडीने गावी आले. पत्र पिशवीत.

"हात खोटे" खोडलंय. त्या जागी काय लिहायचं ते ठरत नाही. "हात खरे" लिहिलं तर सर सही करणार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. "हात दुसऱ्याचे" लिहून बघितलं, तेही खोडलं. एक ओळ रिकामी सोडली आहे.

आप्पा गोठ्यात. मी पोतं टाकून त्यांच्या समोर बसले, तोंड त्यांच्याकडे करून.

"झालं पत्र?"

"नाही. एक पेंढी बांधून दाखवा."

"तुला कशाला?"

"बघायचंय."

त्यांनी चप्पल काढली.