डॉल्फिन पाहायला तीन तिकिटं

पोंभुर्णा,
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय रीता,

अनेक आशीर्वाद. तू, मंगरूभाऊ आणि पोरं खुशाल असाल. आमच्याकडं धान घरात आलं. यंदा लोंब्या चांगल्या भरल्या होत्या. तुमच्या मिरचीला बहर कसा आहे? सिरोंच्याकडं पाऊस फार झाला म्हणून ऐकलं.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. पण फोन केला की तू "बरं आहे ताई, दूध उतू जाऊन राह्यलं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. दर वेळी दूधच उतू जातं बाई तुझ्याकडं! म्हणून लिहायला बसले.

उर्वशीला कोकणात नोकरी लागली. दापोलीजवळ सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिची खोली समुद्रापासून जवळ आहे. आता तिनं धरलंय, की जानेवारीत आम्ही तिच्याकडं जायचं आणि होडीत बसून डॉल्फिन पाहायचे. हर्णैच्या बाजूनं सकाळी होड्या निघतात म्हणे. बल्लारशाहून मुंबईची गाडी, पुढं एसटी.

तुझे भाऊजी आधी तयार नव्हते. गावच्या बोडीत, एवढ्याशा तळ्यात पोहलेला माणूस, समुद्राचं नाव काढलं की गप्प. मग एक दिवस स्वतःच उर्वशीला फोनवर विचारलं, "देवमासा दिसते का तिथी?"

ती म्हणाली, "त्याची आशा नका ठेवू बाबा. नावाडी सांगतात, तो कधीमधी येते. डॉल्फिन मात्र दिसतीन."

"पोटात पाणी गेलं तं?"

"जाकीट घालाले देतात, बाबा. तुमी बुडत नाई."

तेव्हापासून रोज गावभर जाकिटाचं सांगत फिरतात.

उर्वशीनं व्हिडिओ पाठवला होता. आम्ही पाहत होतो, शेजारचा लटारूही येऊन बसला. पाणी शांत होतं. एकदम काळं, चकचकीत जनावर उसळलं आणि माझा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. भाऊजींनी पाहिलं. फोन बंद करायला लागले तर मी म्हटलं, "राहू द्या, पुन्हा लावा." दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा भीती नाही वाटली. त्याच्या तोंडाकडं पाहिलं, तर ते हसल्यासारखं दिसतं गं. मलाच हसू आलं.

लटारू म्हणाला, "धनराजभाऊ, लोक पुण्याहून इथी येतात, जिप्सी करून वाघ..." आणि तिथंच थांबला. आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही. सगळे खाली पाहायला लागले.

मी म्हटलं, "म्हणा नं वाघ. काऊन थांबले?"

इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून निघाला, रीता. निघाला आणि काही झालं नाही. चहा उकळत होता, तो मी गाळला.

लटारू गेल्यावर भाऊजी बराच वेळ अंगणात खाट विणत बसले. दोरी ओढता ओढता, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "पोरीले सांग, तीन तिकिटा काढ म्हणा."

"तिसरं कोणाचं?"

"तुह्या बहिणीचं."

 त्यांनीच पुढं म्हटलं, "दवाखान्यात मी तिले जे बोललो, ते बोलाले नोको होतं."

मला माहीत आहे ते काय बोलले होते. मी पट्ट्यांमध्ये होते, तोंडातून आवाज निघत नव्हता, पण कान चालू होते. तू दाराशी उभी होतीस, लुगड्याला अजून मोहाची फुलं चिकटलेली. ते म्हणाले, "बहिणीले टाकून पळाली, आता काऊन आली?" तू तशीच मागं फिरलीस. त्यानंतर या घराची पायरी चढली नाहीस. उर्वशी नर्स झाली तेव्हाही आली नाहीस.

आज मला सांगू दे. त्या दिवशी तुझी टोपली भरली होती, माझी अर्धी होती, म्हणून मीच तुला म्हटलं, जंगलात जरा आत जाऊ. तो मागून आला, डावा खांदा धरला. मी पडले. माती तोंडात गेली, आणि मग मला तुझा आवाज ऐकू आला. आधी जवळून, मग दूर, मग रस्त्याच्या बाजूनं. तू ओरडत पळत होतीस, "माह्या बहिणीले वाचवा जी!" तो आवाज दूर जात होता तेव्हा मला वाटलं, बरं झालं, रीता सुटली. आणि तोच आवाज माणसं घेऊन परत आला. काठ्या, डबे, कुऱ्हाडी घेऊन सगळ्यांच्या पुढं तूच होतीस. भाऊजी शेतात होते, त्यांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. मी बरी झाल्यावर त्यांना सांगितलं. पण तोवर तू दूध उतू घालवायला लागली होतीस.

तर जानेवारीत चल. आपण दोघी लहानपणी नदीसुद्धा नावेतून ओलांडायला घाबरायचो. आता डोळे भरून एखादं जनावर पाहू, जे पाण्याबाहेर येतं, श्वास घेतं आणि आपल्या वाटेनं निघून जातं. मला उलटी झाली तर पाठ चोळायला तू हवीस. भाऊजींना ते जमत नाही.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः तुझ्याकडं येतायत. मी सांगितलेलं नाही, त्यांनीच ठरवलं. दारात येऊन उभे राहतील. त्यांना बोलता येणार नाही, मी ओळखते त्यांना. तू पाणी दे, बसा म्हण. तेवढ्यानं होईल.

मंगरूभाऊंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझ्या ओरडण्यानं जगलेली,
तुझी ताई
वच्छला