पेटीतला केसभर फरक

मास्तर, तुमची बाजाची पेटी माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलीने ती तुमच्या पेटीदुरुस्तीच्या दुकानातून रिक्षात घालून आणली. बाबांनी तुलाच द्यायला सांगितलं होतं, म्हणाली. त्याला सोळा वर्षं झाली. मधल्या काळात तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली.

कॉलेजच्या ऑफिसातून सुटले की मी वाद्यसंगीत रचते. त्यात चाल नाही, ठेका नाही. भात्यातली हवा संपेपर्यंत एकच स्वर धरायचा, रेकॉर्ड करायचा, त्यावर दुसरा ठेवायचा, ऐकायचा, पुसायचा. पेटी बिघडली का गं, असं तुम्ही विचारलं असतं. सध्याची रचना सतरा मिनिटांची आहे आणि दीड वर्ष चालली आहे. आवाज येतो म्हणून रविवारी दुपारी पंखा बंद करून बसते. घामाने बोटं घसरतात. शेजारचा कुकर वाजला की पुन्हा पहिल्यापासून. थकले आहे, मास्तर.

मला हवी होती तुमच्या पेटीची थरथर. प्रत्येक स्वराच्या दोन पितळी पट्ट्यांत तुम्ही मुद्दाम सुराचा केसभर फरक ठेवायचात, त्यामुळे स्वर पाण्यासारखा हलायचा. तुमच्याकडे शिकत होते तेव्हाचं आठवतं: मी दुकानात खाली बसले आहे, हातात बारीक कानस. तुम्ही पाठमोरे चहा ओतताय. कानस तिसऱ्यांदा फिरते आणि तुम्ही मागे न बघता म्हणता, "पोरी, हा कान हाय का कढईचा कान? लई घासू नगं. घासलेलं पितळ परत चिकटत न्हाय." गिऱ्हाईक हसतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला वाटतं, तुमचं सगळं अंदाजाचं काम.

पेटी घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी सूर मोजायचं यंत्र लावून सगळ्या पट्ट्या घासल्या आणि अचूक जुळवल्या. म्हातारपणी तुमचा कान गेला होता असं वाटलं. 'मास्तरांची सेवा केली' असं त्या दिवशीच्या डायरीत आहे. तो फरक मुद्दाम होता हे फार उशिरा कळलं; आता ती थरथर परत आणायला सहा महिने त्याच पट्ट्या पुन्हा घासतेय. पण फरक किती होता ते मी मोजलं नव्हतं, आणि कानाला आठवत नाही.

तरी रचना प्रसिद्ध करणाऱ्या पुण्याच्या बाईंना मी लिहून दिलं, 'माझ्या गुरूंनी जुळवलेली पेटी.' तुमच्या मुलीलाही कळवलं. ती फोनवर म्हणाली, "म्हणजे बाबांचा हात परत ऐकायला मिळणार की." मी हो म्हटलं.

आज सकाळी पुण्याला फोन करून ती ओळ काढायला लावली, कारणही सांगितलं. बाई हिरमुसल्या. संध्याकाळी तुमच्या मुलीकडे जायचं आहे. हे पत्रच तिच्या हातात द्यावं असं मनात होतं, पण ते देणार नाही; पट्ट्या मी घासल्या हे तोंडानेच सांगेन, पुढचं मात्र फक्त तुम्हाला. रचनेत दहाव्या मिनिटाला दोन पट्ट्या माझ्या हातून एकमेकींपासून फारच लांब गेल्या आहेत, कानाला टोचावं इतक्या. ती जागा मला तुमच्या सुरापेक्षा जास्त आवडते.