थकलेल्यांसाठी चार पायऱ्या

१७ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

बाबांना दुसऱ्या खुर्चीवर बसवत होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं. ही खुर्ची पहिलीपेक्षा चार बोटं बुटकी आहे.

चूक माझीच. सूक्ष्मलहरी वाढवणाऱ्या नळीच्या अहवालात मी लिहिलं होतं, की काम करून थकलेल्या इलेक्ट्रॉनांना आपटू देऊ नये, चार पायऱ्यांनी हळू करावं. उरलेली शक्ती परत मिळते. एरवी निम्मी वीज उष्णता होऊन वाया जाते. आस्थापना विभागाला ‘इलेक्ट्रॉन’ ही छपाईची चूक वाटली. त्यांनी तो शब्द खोडून ‘काम करून थकलेल्यांना चार पायऱ्यांनी हळू करावं’ असं परिपत्रक काढलं. या महिन्यात निवृत्त होणारे एकटे बाबा. म्हणून दर सोमवारी बुटकी खुर्ची.

चाळीस वर्षं नळ्यांचे सांधे जुळवलेला माणूस माझ्या टेबलाशेजारी खाली खाली चाललाय आणि चकार शब्द काढत नाही. नळीची कार्यक्षमताही चाळीस टक्क्यांवर अडलीय. एक तारखेच्या चाचणीत साठ झाले नाहीत, तर माझं काम बंद.

ताईला सोडून निघू नकोस. माझ्यावर रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

ताईचं बाळ बरं आहे. रडण्यात तुझ्यावर गेलंय.

तुझ्या बाबांना मी अडतीस वर्षं हळू करतेय, एक पायरी उतरले नाहीत. ऑफिसला जमलं तर कळव, मीही खुर्च्या घेते. ते गप्प म्हणजे रुसलेले नव्हेत, काहीतरी बघतायत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा तासभर गप्प होते. निघताना म्हणाले, दाराची बिजागरी उलटी बसवलीय. तिथून काय दिसतं, एवढं विचार.

जेवत जा, म्हणजे माझाही घास उतरेल.

आई

३१ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

आज चौथी पायरी, म्हणजे स्टूल. आस्थापनेचे साहेब मोजपट्टी लावून गेले. टेबलाच्या काठावर बाबांचं टक्कल तेवढं दिसत होतं.

तू सांगितलंस तसं विचारलं. म्हणाले, टेबलाखालून तुझ्या नळीच्या पायऱ्यांच्या तारा दिसतात. दुसरीची तिसरीला लावलीयस, तिसरीची दुसरीला. आधी का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणाले, आधी खुर्ची उंच होती.

आता तारा बदलते. आहे तशी मला सांभाळून घे.

तुझी धाकटी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी चाचणीत नळी एकसष्ट टक्क्यांवर गेली. बाबा आकडा बघून तुमच्याकडे यायला निघाले. स्टूल काखेत आहे. बाळाच्या उंचीचं आहे म्हणतात.