तिसऱ्या सिलिंडरची भिंत

प्रिय ठमे,

गेल्या मंगळवारी सकाळी मी एक जुना ब्लॉक कापला. सात वाजता खाली उतरलो, देवाचं नाव घेतलं, शटर अर्धंच वर केलं आणि मागच्या खोलीत ताडपत्रीखाली आठ वर्षं पडून असलेला तो सहा सिलिंडरच्या इंजिनाचा बिडाचा ब्लॉक चेनपुलीने उचलून करवतीवर चढवला. बीड कापताना पाणी लावत नाहीत, कोरडंच कापायचं, त्यामुळे काळी भुकटी उडत राहते. तीन तास मी तिथेच उभा होतो. शेजारच्या रंगाऱ्याने शटरखालून डोकं घालून विचारलं, मामा, कुणाचं पोस्टमॉर्टेम चाललंय? म्हटलं, ओळखीच्याच माणसाचं. तो हसून गेला.

ब्लॉक कुठला हे तू ओळखलं असशील. बेकरीवाल्याच्या लाल गाडीतला, आपल्या पाहुण्यांच्या, तुझ्या यजमानांच्याच हाताखाली फुटलेला. तो भंगारात का नाही टाकलास, असं तू एकदा फोनवर विचारलं होतंस, आणि मी म्हणालो होतो, पडू दे, जागा भरपूर आहे. जागा भरपूर आहे हे खरं, पण कारण ते नव्हतं. सांगतो. मला सरळ लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे. गुरुजी म्हणायचे, याला गाईवर निबंध सांगितला तर हा गोठ्याच्या दारापर्यंत व्यवस्थित पोचतो, गाय मात्र शेवटपर्यंत दिसत नाही. तू दुसरीत होतीस, तरी तुला ते पाठ होतं आणि घरी येऊन तू आईला नक्कल करून दाखवायचीस. या वेळी गाय दाखवायचीच असं ठरवून बसलो आहे.

त्याचं असं झालं. सोमवारी एक बाई आल्या. दातांच्या डॉक्टर, चाळिशीच्या आसपास, काखेत हेल्मेट. डोंगरचढाच्या शर्यतीत गाडी पळवतात. त्यांना आता टर्बो बसवून नऊशे हॉर्सपॉवर काढायची आहे. टर्बो म्हणजे काय हे तुला काय सांगायचं, तुमच्या घरात एके काळी ताटावर बसल्यावरसुद्धा बूस्टच्याच गप्पा चालायच्या. पण बूस्ट देऊन एवढी हवा इंजिनाच्या छातीत कोंबायची तर छाती तेवढी भक्कम पाहिजे, आणि ती छाती म्हणजे ब्लॉक. कोणता घ्यावा, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. ॲल्युमिनियमचा घेतला तर गाडी हलकी होते, पण त्यात जाड लोखंडी बाह्या बसवाव्या लागतात आणि तापल्यावर दोन्ही धातू आपापल्या मर्जीने फुगतात. अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला घेतला तर हत्तीही नाचवा, पण त्यात पाण्याला वाटा जवळजवळ नसतात. एक-दोन मिनिटांच्या शर्यतीला ठीक, लांबलचक घाटाला नाही. राहिला बिडाचा. जड आहे, पण सोशिक आहे. त्यांचं मन बिडावर होतं. फक्त एक अडत होतं. त्या म्हणाल्या, बेकरीवाल्याचा असलाच ब्लॉक फुटला ना? मग तो ब्लॉकच कच्चा होता की तुमच्या मेहुण्यांनी बूस्ट जास्त दिला? कारण ब्लॉक कच्चा असेल तर मी घेत नाही.

मी म्हटलं, बघून सांगतो. त्यावर त्या म्हणाल्या, आम्ही एक्स-रे काढल्याशिवाय दाताला हात लावत नाही, तुम्ही काय लावता? मी म्हटलं, कान. हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. जाताना म्हणाल्या, बरं झालं तुम्ही दातांच्या धंद्यात नाही आलात.

त्या गेल्यावर मी लेथपाशी परत आलो. इथे आता मी एकटाच असतो, हे मी तुला कधी लिहिलं नाही. डायनो विकला. ज्या रोलरवर गाडी चढवून पाहुणे ताकद मोजायचे, तिथे आता सिमेंटचा चौकोन आहे, मी अजून त्याला वळसा घालून जातो. दिवसभरात बोलणं म्हणजे गिऱ्हाईक आलं तर, नाहीतर यंत्रांशी. लेथला मी चक्क अहो-जाहो करतो, म्हातारी झाली आहे. रविवारी तुझा फोन येतो, तेव्हा आपण ऊन-पावसाचं बोलतो. तिकडे ऊन आहे का, आहे, इकडेही आहे. डॉक्टरबाई आल्या त्याच्या आदल्या रविवारी तर तीन मिनिटांत आपलं दोघांचं ऊन संपलं. मग तू म्हणालीस, ठेवू का? मी म्हणालो, ठेव. आणि फोन ठेवल्यावर मला आठवलं की पाहुणे कसे आहेत हे मी विचारलंच नाही. खरं म्हणजे आठवलं नाही, मी ते टाळतो. रोज सकाळी देवापाशी तुम्हा दोघांचं नाव घेतो, पण त्यांचं नाव घेताना घाई करतो. देवाला हे दिसत असणारच.

पाहुणे हे नाव त्यांना आपल्या वर्कशॉपनेच दिलं. तुझं लग्न झालं, चार दिवस राहायला म्हणून आले, पाचव्या दिवशी एका गाडीचं इंजिन ऐकून म्हणाले, याला पेट्रोल कमी पडतंय, आणि ते खरं निघालं. मग सात वर्षं पाहुणेच राहिले. मी लोखंडाचं बघायचो, ते ट्यूनिंगचं. माझं काम जिथे संपायचं तिथे त्यांचं सुरू व्हायचं. मी सिलिंडर मायक्रोमीटर लावून दिला की ते पुन्हा मोजत नसत, इतका विश्वास होता. एकदाच त्यांनी विचारलं. बेकरीवाल्याचा ब्लॉक आला होता, आठशे हॉर्सपॉवर काढायची होती, पाच-सहा जण भोवती उभे होते. पाहुणे म्हणाले, सिलिंडरचे बोअर आतून कोरून मोठे करायच्या आधी भिंतींची जाडी मोजून घेऊ या, ओतताना साच्यातला गाभा केसभर सरकला असेल तर एका बाजूची भिंत पातळ असते. बरोबरच बोलत होते. पण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस मला चारचौघांत बीड शिकवतोय असं मला वाटलं. मी म्हटलं, पाहुणे, तुम्ही लॅपटॉप सांभाळा, बीड मला कळतं. सगळे हसले. तेही हसले. मी हातोडीने ब्लॉक ठोकला, छान आवाज आला, आणि दुसऱ्या दिवशी बोअर केले.

गुरुजी गणिताचं उत्तर आलं तरी ताळा केल्याशिवाय वही घेत नसत. ते हाडात बसलेलं, त्यामुळे बोअर झाल्यावर मला चैन पडेना. दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना मी पलीकडच्या वर्कशॉपमधून जाडी मोजायचं यंत्र आणलं. टेकवलं की ते आवाजाच्या लहरीवरून पलीकडचं अंतर सांगतं. एवढ्या जोराला चार मिलिमीटर तरी भिंत लागते. पाच सिलिंडर ठीक निघाले. तिसरा, ज्या बाजूला पिस्टनचा दाब पडतो त्याच बाजूला, दोन पूर्णांक आठ. मी चार वेळा मोजलं. जेवण झाल्यावर पाहुण्यांच्या हातात ते यंत्र पडलं, तेव्हा त्यांना बरंच वाटलं. मोजलंत? म्हणाले. मी म्हटलं, मोजलं. सगळीकडे चारच्या वर आहे.

एवढंच बोललो मी. दुसरा ब्लॉक मिळायला महिना लागला असता, शर्यत हुकली असती, हे सगळं मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. पण त्या क्षणी शर्यतबिर्यत काही डोक्यात नव्हती. ज्या पाच-सहा जणांसमोर मी पाहुण्यांना हसलो होतो त्यांच्यासमोर मला पडायचं नव्हतं. पाहुण्यांनी माझ्या चार मिलिमीटरवर भरवसा ठेवून बूस्ट ठरवला. डायनोवर तिसरी भिंत उभी चिरली, पाणी आत शिरलं, सगळं इंजिन गेलं. बेकरीवाला त्यांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलला. हावरट म्हणाला, आकड्यांची नशा म्हणाला. पाहुण्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पान्हे पुसत होतो. त्यानंतर दोन महिने एकही गाडी त्यांच्याकडे आली नाही आणि तुम्ही गाव सोडलंत. ज्या माणसाला इंजिनाचा श्वास ऐकू येतो तो आज शीतगृहाचे कॉम्प्रेसर सांभाळतो.

मंगळवारी ब्लॉक कापला तो का, तर आठ वर्षं मला एक आशा होती की यंत्रच चुकलं असेल. न कापता ठेवला म्हणजे ती आशा शिल्लक राहत होती. साडेदहाला तिसरा सिलिंडर उघडला. भुकटी झटकली, व्हर्नियर लावला. दोन पूर्णांक सहा. यंत्राने माझ्यावर दयाच केली होती.

त्याच दुपारी मी डॉक्टरबाईंना फोन केला. म्हटलं, बिडाचाच घ्या, तुमच्या कामाला तोच बरा. फक्त बोअर करायच्या आधी सहाही भिंती मोजून घ्या, आणि माझ्याकडून नको, दुसऱ्या कुणाकडून मोजा. त्या म्हणाल्या, मग बेकरीवाल्याचा का फुटला? म्हटलं, रविवारी जुन्या धावपट्टीवर या, गाड्या पळवणारे सगळे असतात, तिथे सांगतो. फोनवर सांगितलं असतं तर मी तेवढ्यावरच भागवलं असतं, मला मी माहीत आहे.

रविवारी गेलो. कापलेला तुकडा पिशवीत होता. वीसेक माणसं असतील. बेकरीवाला केस पांढरे झाले तरी तसाच आहे, खिशात अजून पिठाचे हात घालतो. मी तुकडा त्याच्या हातात दिला, व्हर्नियर दिला, म्हटलं, मोजा. त्याने मोजलं. मग मी मोजल्याचं आणि खोटं सांगितल्याचं दोन्ही सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, आठ वर्षं काय दातखीळ बसली होती का मामा? डॉक्टरबाई तिथेच होत्या, पण त्या हसल्या नाहीत. बेकरीवाला पुष्कळ वेळ तुकडा उलटसुलट करत राहिला. मग एवढंच म्हणाला, सगळ्यांसमोर त्या माणसाला मी काय काय बोललो ते मला सगळं पाठ आहे. त्याने माझ्याकडे तुमचा पत्ता मागितला. मी म्हटलं, आधी बहिणीला विचारतो. कोणी मला मारलं नाही, कोणी पाठही थोपटली नाही. परत येताना मी एकटाच आलो आणि तेच योग्य होतं.

आता हे पत्र का, ते सांगतो. त्या वीस माणसांना सांगणं त्या मानाने सोपं होतं. त्यांच्या नजरेत मी उतरलो तरी माझं काय जाणार होतं? पण ब्लॉक फुटला त्या आठवड्यात तू मला फोन केला होतास. रडत होतीस. म्हणालीस, मी यांना तोंडावर सांगितलं, माझा दादा कामात कधी खोटं बोलत नाही, चूक तुमचीच आहे, मान्य करा. आणि मी म्हणालो, जाऊ दे ठमे, होतं असं कधीकधी. पाहुण्यांनी तुला उलट उत्तर दिलं नाही. त्यांना कळलं नव्हतं असं समजू नकोस. बूस्टने इंजिन जातं तेव्हा आधी पिस्टन जळतात. ते सहाही पिस्टन त्यांनी स्वतः काढले होते, सहाही धड होते. तरी ते गप्प राहिले, कारण तुला दादा एकच होता. आठ वर्षं त्यांनी तुझ्या घरात माझी अब्रू सांभाळली आणि स्वतःची घालवली. म्हणून आधी लोकांना सांगून आलो आणि मगच लिहायला बसलो, नाहीतर हे पत्र लिहून मी फाडलं असतं, याआधी दोनदा फाडलं आहे. तू फोन केला नाहीस तरी मी समजून घेईन. फक्त हे त्यांच्यासमोर मोठ्याने वाच. दादा कामात खोटं बोलला होता, ठमे. हे मी बेकरीवाल्याला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, आणि आता तुलाही सांगितलं.

तुझाच,
दादा