कोऱ्या चिठ्ठ्यांवरची सही

जुन्नर,
मंगळवार, ९ मार्च २००४

निर्मलावहिनी,

सयाजीचा नमस्कार. राघूच्या दहाव्यानंतर तुम्ही मंचरला भावाकडे गेलात, हे तुमच्या सासूबाईंनी, तुकाबाईंनी सांगितलं. त्यांची तब्येत बरी आहे. मुलगा गेल्यापासून फार बोलत नाहीत, पण दोन वेळा जेवतात. मेंढरं दरवर्षीसारखी आमच्याच वावरात बसवली आहेत.

पाकिटावर सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं. ते फाडून दुसरं घेतलं.

परवा गुरुवारी तुमच्या दिराच्या, बहिरूच्या जामिनाची तारीख आहे. तुमच्या वकिलांना मी भेटलो. गांजा वीस किलोच्या वर असला की जामीन सहज मिळत नाही. आरोपी निर्दोष असावा असं मानायला कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असलं काही करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री व्हावी लागते. आपल्या कागदात बावीस किलो आहे. दोन पंचांसमोर काट्यावर मोजलेला. म्हणूनच सप्टेंबरात दोघा भावांचा अर्ज फेटाळला आणि जानेवारीत राघू कावीळ होऊन आतच गेला.

त्यातला एक पंच मी, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या जूनमध्ये तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन विचारलंत, "भाऊ, ते म्हणत्यात, टेंपोत आमची कोकरं तेवढी व्हती, पोतं डायवरचं असंल, तो तर पळाला. तुमी पंच व्हता. यांच्याकडं खरंच गावलं का?"

मी म्हणालो, "कागदात आहे तेच."

तुम्ही म्हणालात, "तुमी बघितलं म्हंजे झालं." त्यानंतर तुम्ही राघूला भेटायला तुरुंगात गेला नाहीत. एकदाही नाही.

वहिनी, मी काही बघितलं नव्हतं.

टेंपो पकडला त्या दिवशी हवालदार ग्रामपंचायतीत आले. "भाऊसाहेब, चला जरा. ग्रामसेवकाची सही कोर्टात शोभती." असं ते वर्षातून दोन-तीनदा नेतात. चौकीत गेणभाऊ हॉटेलवाले आधीच बसले होते. तेही नेहमीचे पंच. मी विचारलं, "माल कुठाय?" हवालदार हसले. "आत हाय. लई घाण वास येतोय. हितंच बसा, चहा गार व्हतोय." पंचनाम्याचं शेवटचं पान पुढे आलं, त्यावर सही केली. मग मालाच्या नमुन्याच्या पुड्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या आल्या. कोऱ्या. ना नाव, ना वजन. त्यांवरही केली, तारखेसकट, सुवाच्य. पोतं पाहिलं नाही, काटा पाहिला नाही, राघूला पाहिलं नाही. चहा मात्र पूर्ण प्यालो. राघूचं नाव दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. न बघता सही केली म्हटलं तर निलंबन, आणि आमच्या हर्षालीचं लग्न ठरत होतं. ते झालं. राघूने आतून आहेर म्हणून एक कोकरू द्यायला सांगितलं होतं, ते तुकाबाई घेऊन आल्या. मी ते बांधून घेतलं.

गेणभाऊंना सांगितलं, तर हसून म्हणाले, "न बघितलेले किती गुन्हे मी बघितलेत भाऊसाहेब! तुमीच कसं एवढं मनाला लावून घेता राव?" मला त्यांची शिसारी आली. घरी येताना लक्षात आलं, त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की माझं अक्षर चांगलं आहे.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, ते तुम्ही पाहिलंत. बहिरूला सोडवू म्हणून झालं, आईला सांभाळू म्हणून झालं. शेवटी तुकाबाई मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमी बोला. तुमचं तो ऐकायचा." मी पुढे झालो. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. भोवती पन्नास माणसं होती. मी म्हणालो, "राघू, वहिनींची काळजी करू नको." कावळा हलला नाही. मग दर्भाचा कावळा करून शिववला.

राघूकडे गांजा नव्हता, हे मी सांगू शकत नाही. मला ते माहीत नाही. पण होता, असं मी तुम्हाला भासवलं आणि त्यावर तुम्ही नवऱ्याला सोडलंत. तो दोष तुमचा नाही.

आज इथे वकिलांसमोर प्रतिज्ञापत्र केलं. झडती, जप्ती, वजन यांतलं काहीही माझ्यासमोर झालं नाही आणि चिठ्ठ्या कोऱ्या होत्या, असं लिहून दिलं. प्रत सोबत आहे. बहिरूला त्याने जामीन मिळेलच असं नाही, वकील म्हणतात एक कारण तरी उभं राहील. गुरुवारी मी स्वतः कोर्टात असेन. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. माफी मागत नाही. तुम्ही यावं असंही म्हणत नाही. आलात तर माझ्याशी बोलू नका. बहिरूशी बोला, राघू गेल्यापासून त्याला भेटायला कुणी गेलेलं नाही.

हे पत्र मी दोनदा वाचलं. प्रतिज्ञापत्र चारदा. मग सही केली.

सयाजी